रोमात बसलेली माणसं

लेखमाला : जालावरची रीतभात (भाग ७)

मायबोली या मराठी संकेतस्थळावर एखादा नवा आयडी पहिल्यांदा तोंड उघडतो, तेव्हा त्याची सुरुवात बऱ्याचदा कबुलीजबाबाने होते. बरीच वर्षं रोमात होते, आज मात्र राहवलं नाही, अशा धर्तीची. हे रोम इटलीतलं नव्हे, आणि एखादी गोष्ट रोमारोमांत भिनते त्यातलंही नव्हे. संगणकावरची फाइल नुसती वाचता येते पण बदलता येत नाही, तेव्हा ती 'रीड ओन्ली मोड'मध्ये आहे असं म्हणतात. त्याच्या आद्याक्षरांना मराठी विभक्तीचा प्रत्यय लागला आणि 'रोमात' हा शब्द तयार झाला. दुसऱ्या संकेतस्थळांवर याच मंडळींना 'वाचनमात्र' म्हणतात.

गेल्या आठवड्यात टोपणनावं घेऊन लिहिणाऱ्यांची गोष्ट झाली. आज जे लिहीतच नाहीत, त्यांची.

इंग्रजीत या माणसाला 'लर्कर' म्हणतात. दबा धरून बसलेला, आडोशाला उभा राहून पाहणारा, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे नावातच संशय आहे. अभ्यासकांनीही सुरुवातीला या वाचकाकडे त्याच नजरेने पाहिलं. पीटर कोलॉक आणि मार्क स्मिथ या समाजशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये यूजनेट या जालावरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यातल्या चर्चांचा विचार केला, तेव्हा मूक वाचकांची गणना फुकट्यांमध्ये केली. सगळ्यांच्या विहिरीतून पाणी भरायचं आणि गाळ काढायच्या दिवशी गायब व्हायचं, असा एकंदर आरोप.

गंमत अशी की त्याच काळातलं नियमांचं बाड नेमकं उलटं सांगत होतं. ऑक्टोबर १९९५ मध्ये 'आरएफसी १८५५' या नावाचा दस्तऐवज निघाला. इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी तो सिद्ध केला होता. जालावर कसं वागावं याचे नियम त्यात आहेत. संतापून लिहिलेलं उत्तर रात्रभर ठेवून मग पाठवा, सगळी अक्षरं मोठ्या लिपीत लिहिलीत तर ओरडल्यासारखं वाटतं, हे त्यातलेच. आणि नव्या माणसासाठी स्पष्ट सूचना अशी, की कोणत्याही चर्चागटात काही लिहिण्याआधी एक ते दोन महिने नुसतं वाचा, तिथली रीत समजून घ्या. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे आपल्याकडचे पहिले ग्राहक मोडेमची किरकिर ऐकत जोडणीची वाट पाहत होते, तेव्हाच तिकडे गप्प बसण्याचा धडा छापून तयार होत होता.

हा धडा देण्याची वेळ का आली, त्यामागे सप्टेंबर महिना आहे. अमेरिकी विद्यापीठांत दर सप्टेंबरला नवे विद्यार्थी यायचे, त्यांना संगणकाचं खातं मिळायचं आणि ते थेट यूजनेटवर थडकायचे. मग आठ दिवसांपूर्वीच चघळून झालेले प्रश्न पुन्हा यायचे, भलत्या गटात भलती चौकशी व्हायची. जुने लोक वैतागायचे, पण महिन्याभरात पोरं सरावायची. जूनमध्ये शाळेच्या पटांगणात जे होतं तेच. पुढे १९९४ मध्ये 'अमेरिका ऑनलाइन'ने आपल्या ग्राहकांसाठी यूजनेटचं दार उघडलं आणि लोंढा बारमाही झाला. यूजनेटवरच्या जुन्याजाणत्यांनी त्याला 'न संपलेला सप्टेंबर' असं नाव दिलं. गप्प बसून वाचणं ही तिथे उमेदवारी होती, आणि लोंढ्याने मोडली ती हीच.

मराठी संकेतस्थळांवर ही उमेदवारी आणखी गरजेची ठरते, कारण तिथली भाषा कुठल्याच शब्दकोशात नाही. लेखाखाली कुणी 'पुभाप्र' लिहून जातं, म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. 'पुलेशु' म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. 'वाखूसाआ' हे एखाद्या आफ्रिकी गावाचं नाव नसून 'वाचनखूण साठवली आहे' याचं संक्षिप्त रूप आहे. जिलबी पाडणे म्हणजे उगाच काहीतरी लेख टाकणे, काडी टाकणे म्हणजे भांडण पेटेल असा धागा (म्हणजे चर्चेचा विषय) काढून स्वतः लांब उभं राहणे. हे कुणी शिकवत नाही. चार महिने वाचलं की आपोआप कळतं. न वाचता आलेला माणूस मात्र पहिल्याच दिवशी 'पुण्यात चांगला दंतवैद्य सुचवा' असा धागा काढतो, आणि त्याच विषयावरच्या जुन्या धाग्याची लिंक जरा कोरड्या शब्दांत त्याच्या हातावर ठेवली जाते.

रोमात बसणारे नेमके किती? ब्लेअर नॉनेकी आणि जेनी प्रीस यांनी २००० साली ईमेलवर चालणाऱ्या चर्चागटांची मोजदाद प्रसिद्ध केली. सॉफ्टवेअरच्या अडचणींवर चालणाऱ्या गटांत सरासरी ८२ टक्के सभासद गप्प होते. आजारांविषयीच्या गटांत हेच प्रमाण ४५.५ टक्के. हा फरक बोलका आहे. प्रिंटर का अडला याचं उत्तर मिळालं की माणूस निघून जातो. दुखणं घेऊन आलेल्याला मात्र आपणही त्यातलेच आहोत, हे कधी ना कधी सांगावंसं वाटतं. याच दोघांनी पुढे न लिहिण्याची कारणं विचारली, तेव्हा निम्म्याहून अधिक मूक वाचकांचं उत्तर होतं की नुसतं वाचूनच काम भागतं. भीती, आळस, आगाऊपणा यांतलं काही नाही. २००६ मध्ये जेकब नील्सन यांनी मांडलेलं ९०-९-१ हे सूत्र जास्त प्रसिद्ध आहे: शंभरातले नव्वद वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक सतत लिहितो. ते ढोबळ आहे, प्रत्येक ठिकाणी लावून पाहू नये.

आणि लिहिणाऱ्याला हे नव्वद जण हवेच असतात. मिसळपाव या मराठी संकेतस्थळावर लेखाखाली प्रतिक्रिया किती आणि 'वाचने' किती, हे दोन्ही आकडे दिसतात. प्रतिक्रिया सात आणि वाचने अडीच हजार, असं दिसलं की लेखक पुन्हा लिहायला बसतो. (त्या अडीच हजारांत त्याने स्वतः दिवसभर उघडून पाहिलेलंही धरलेलं असतं, हे तो विसरतो.) मैफलीत तानसेनाइतकाच कानसेन लागतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

मग शिष्टाचार मोडतो कुठे? वाचण्यात नाही. वाचलेलं उचलून बाहेर नेण्यात.

सार्वजनिक वाचनालयात रोज येऊन फुकट पेपर वाचणाऱ्या आजोबांवर कुणी रागावत नाही. रविवारच्या पुरवणीतली पाककृती ब्लेडने कापून नेणाऱ्यावर सगळे रागावतात. जालावर हे ब्लेड फार धारदार आहे: मजकुरावर बोट दाबायचं, कॉपी करायचं, व्हॉट्सॲपवर चिकटवायचं. वरचं लेखकाचं नाव तेवढं कापलं जातं. महिन्याभराने तीच कथा 'छान आहे, नक्की वाचा' या शेऱ्यासह मूळ लेखिकेच्याच फोनवर येऊन पडते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ लेखकाला आपलं लेखन आपलं म्हणवून घेण्याचा अधिकार देतं. पण दिवाळीच्या चकल्यांच्या कृतीसाठी कोर्टात कोण जाणार? त्यामुळे इथे कायद्यापेक्षा लाजच उपयोगी पडते.

लेखन उचलणं त्या मानाने किरकोळ. माणूस उचलणं जास्त वाईट. मायबोलीवर 'संयुक्ता' नावाचा फक्त स्त्रियांसाठीचा गट होता, बाहेरच्यांना तिथलं वाचता यायचं नाही. अशा गटात सासर, नोकरी, दुखणी असं सगळं बोललं जातं, ते आत कोण आहे यावर भरवसा ठेवून. तिथे न लिहिता वाचायला हरकत नाही. पण वाचलेल्यातलं एक वाक्य संध्याकाळी जेवताना 'ती अमकी बहुतेक आपल्या ओळखीचीच दिसते' असं म्हणून निघालं, की भरवसा गेला.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. 'पेशंट्सलाइकमी' या संकेतस्थळावर रुग्ण आपापले आजार, औषधं, मनःस्थिती यांविषयी एकमेकांशी बोलतात. तिथे नैराश्यासारख्या मानसिक आजारांवर बोलण्यासाठी सभासदांपुरता वेगळा कट्टा होता. मे २०१० मध्ये लक्षात आलं की एक सभासद काहीही न लिहिता तिथला एकूण एक संदेश उतरवून घेतोय. तो माणूस नव्हताच, प्रोग्रॅम होता. माग काढला तेव्हा तो निघाला नील्सन या बाजारपेठ-संशोधन कंपनीचा. (वरच्या जेकब नील्सन यांचे हे नुसते आडनावबंधू.) कंपनीने ही पद्धत थांबवल्याचं पुढे सांगितलं. संकेतस्थळाने सभासदांना झाला प्रकार कळवला आणि त्याच पत्रात आठवण करून दिली की तुमची माहिती, नावं काढून, आम्हीही विकतो. तेव्हा दोनशेहून अधिक सभासद निघून गेले. मुकाट्याने ऐकणारा सगळ्यात मोठा कान घरमालकाचाच होता, हे त्यांना त्या दिवशी उमगलं.

आता थोडं व्हॉट्सॲपविषयी, कारण बहुतेक वाचक रोमात असतात ते तिथे. गुपचूप वाचून जाणं लपत नाही, हे त्याआधी ऑर्कुट या समाजमाध्यमाने शिकवलं होतं. तिथे आपण कुणाचं पान पाहून आलो हे त्याला दिसायचं, आणि त्या 'रिसेंट व्हिजिटर्स'ने अनेकांची पंचाईत केली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. पुढच्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपच्या ब्लू टिक आल्या. ब्लू टिक बंद करता येते, पण ती फक्त एकास एक गप्पांमध्ये. ग्रुपमध्ये नाही. तिथे पाठवणाऱ्याने आपल्या संदेशावर बोट दाबून धरलं आणि माहिती उघडली, की कुणी किती वाजता वाचलं याची अख्खी यादी येते. सोसायटीचे सेक्रेटरी रात्री नऊला विचारतात, 'रविवारी टाकी धुवायची आहे, सकाळी पाणी नसेल, कुणाची अडचण?' दहापर्यंत चाळीस जणांनी वाचलेलं असतं, उत्तर एकाचंही नसतं. आणि रविवारी सकाळी साबण लावलेल्या अवस्थेत चौथ्या मजल्यावरून फोन येतो.

हे रोमात असणं नव्हे. हजारो अनोळखी लोकांसमोर ठेवलेला लेख कुणा एकाकडून उत्तर मागत नसतो. चाळीस घरांच्या ग्रुपवरचा प्रश्न मागत असतो. त्यामुळे 'मी काही लिहीत नाही, फक्त वाचतो' हे मायबोलीवर चालून जाणारं वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर आणि पालकांच्या ग्रुपवर उद्धटपणात जमा होतं. तिथे एक अंगठा पुरतो.

बाकी ठिकाणी खुशाल गप्प राहा. पाठवायचं असेल तर मजकूर न पाठवता लिंक पाठवा. आणि एखाद्या जुन्या धाग्यावरून केलेले अनारसे तेलात हसले नाहीत, छान जाळीदार झाले, तर त्याच धाग्यावर जाऊन तेवढं एक वाक्य लिहा. धागा दहा वर्षांपूर्वीचा असला तरी चालेल.

(पुढील भागात : जुने धागे वर काढणारी माणसं)