मातीची भिंत : पावसाआधी एवढे करा

ईस्टरनंतर मृग लागेपर्यंत, म्हणजे ७ जूनच्या सुमारापर्यंत, जे कोरडे आठवडे मिळतात त्यांतच गोठ्याच्या व कुंपणाच्या मातीच्या भिंतींची डागडुजी उरकावी, असे आम्ही सुचवतो. खानापूरकडच्या पावसात भिंत आधी खचते ती माथ्याला आणि पायथ्याला.

माथ्यावर दोन्ही बाजूंस वीतभर बाहेर येतील अशी कौले घालावीत. पायाला जांभ्या चिऱ्याचे हातभर जोते असावे. पागोळ्यांचे पाणी दूर नेण्यास चर काढावा.

गिलाव्यासाठी चिकणमातीत वाळू व बारीक केलेला भाताचा पेंढा कालवून चार दिवस मुरू द्यावे. आधी थोड्या जागेवर लावून पाहावे. वाळताना भेगा पडल्यास वाळू वाढवावी. सिमेंटचा गिलावा मात्र टाळावा. त्याला चिरा जातात, आत शिरलेले पाणी कोंडते आणि वरून धड दिसणारी भिंत आतून ढिली होते. त्यापेक्षा चुना बरा.

फुगलेल्या भिंतीलगत मुलांचे अंथरूण घालू नये, गुरे बांधू नयेत. ती पावसाआधीच उतरवावी. माती पुन्हा भिजवून वापरता येते. गेलेला जीव परत येत नाही.