घरखरेदीपूर्वी इमारतीची तपासणी

स्वतःच्या मालकीचे घर ही सर्वसामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी होय. त्यासाठी वर्षानुवर्षांची बचत खर्ची पडते आणि पंधरा-वीस वर्षे फेडावयाचे कर्ज डोक्यावर घ्यावे लागते. असा व्यवहार करताना कागदपत्रांची छाननी बहुतेक जण करतात. मालकी निर्वेध आहे काय, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, गृहनिर्माण संस्थेची थकबाकी आहे काय, याची चौकशी वकिलामार्फत होते. परंतु ज्या इमारतीत ते घर आहे, ती इमारत सुदृढ आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रंग, फरशी, हवा-उजेड आणि रेल्वे स्थानकापासूनचे अंतर पाहून इसाराची रक्कम दिली जाते.

वस्तुतः सदनिका घेणारा ग्राहक पाया, स्तंभ, तुळया, गच्ची, पाण्याची टाकी आणि मलवाहिन्या यांच्या सामायिक जबाबदारीतही वाटेकरी होतो. संस्थेने उद्या मोठी दुरुस्ती काढली, तर तिच्या खर्चाचा वाटा नव्या सभासदालाही उचलावा लागतो. म्हणूनच सदनिकेबरोबर संपूर्ण इमारतीचीही तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

वयावरून निष्कर्ष नको

इमारत नवी असली की ती मजबूत असणारच, अशी समजूत आढळते. २४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यातील महाड येथे पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. त्या इमारतीला दहा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथील चार मजली इमारत कोसळून १७ जण दगावले. त्या दुर्घटनेनंतर तळमजल्यावरील फेरफारांमुळे इमारतीच्या आधारांना धक्का पोहोचल्याची तक्रार पुढे आली. बांधकामाचा दर्जा, देखभाल आणि नंतर केलेले बदल या तीन गोष्टी इमारतीच्या वयाइतक्याच महत्त्वाच्या असतात, हे या घटनांवरून ध्यानात यावे.

सळ्या का गंजतात

सिमेंट काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते. या गुणामुळे त्यातील लोखंडी सळ्यांवर संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू हळूहळू काँक्रीटमध्ये शिरतो आणि हा अल्कधर्म कमी होत जातो. समुद्रकिनाऱ्यावरील खारी हवा व सततची गळती यांमुळे ऱ्हासाचा वेग वाढतो. सळई गंजू लागली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याच्या दाबाने काँक्रीटला तडे जातात, पापुद्रे सुटतात आणि अखेरीस सळ्या उघड्या पडतात. स्तंभावर सळईच्या रेषेत जाणारी उभी भेग हे या रोगाचे लक्षण मानले जाते. गिलाव्यावरील केसासारख्या बारीक चिरा बहुधा निरुपद्रवी असतात. मात्र दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या आणि रुंदावत जाणाऱ्या तिरप्या भेगा पाया खचत असल्याची सूचना देऊ शकतात. हा भेद जाणकारालाच करता येतो.

तपासणीचे स्वरूप

संरचना अभियंता प्रथम इमारत डोळ्यांनी पाहतो. गच्चीचा उतार व जलरोधक थर, टाकीखालील स्तंभ, वाहनतळातील खांब, छज्जे, न्हाणीघरांच्या खालची छते, तसेच भिंतींत रुजलेली पिंपळासारखी रोपे यांची नोंद तो घेतो. मंजूर नकाशाशी प्रत्यक्ष बांधकाम ताडून पाहतो. कोणी आधारभिंत काढली आहे काय किंवा सज्जा खोलीत सामावून घेतला आहे काय, हे त्यातून उघड होते.

संशय आल्यास यंत्रांचे साहाय्य घेतले जाते. विशिष्ट हातोड्याच्या उसळीवरून काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा अजमावतात. ध्वनितरंगांच्या वेगावरून आतील पोकळी व भेगा कळतात. विद्युतदाबाच्या मोजणीवरून सळ्या गंजण्याची शक्यता ठरविता येते. ताज्या तोडलेल्या भागावर फिनॉल्फथॅलीनचे द्रावण टाकले असता निरोगी काँक्रीट गुलाबी होते. अल्कधर्म गमावलेला भाग रंगहीन राहतो.

कायद्याचा आधार

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३-ब अन्वये तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे मालकांवर व गृहनिर्माण संस्थांवर बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतींसाठी दर पाच वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतींसाठी दर तीन वर्षांनी तपासणीची तरतूद आहे. सबब जुनी सदनिका घेणाऱ्याने मागील अहवाल पाहावयास मागावा. मुंबईत अशा अहवालानुसार इमारतींचे वर्गीकरण केले जाते. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडावयाची अतिधोकादायक इमारत, तर सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती पुरेशी असलेली इमारत होय.

नव्या घरांच्या बाबतीत स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला संरचनात्मक दोष तीस दिवसांत विनामूल्य दूर करणे प्रवर्तकावर बंधनकारक आहे. ताब्याच्या वेळी केलेल्या तपासणीचा लेखी अहवाल अशा मागणीस बळ देतो.

केव्हा व कोणाकडून

तपासणी इसार देण्यापूर्वी अथवा निदान साठेखत करण्यापूर्वी व्हावी. विक्रेत्याने किंवा दलालाने सुचविलेल्या व्यक्तीऐवजी खरेदीदाराने स्वतः निवडलेल्या अनुभवी अभियंत्याकडे हे काम सोपवावे. कर्ज देणारी बँक मूल्यमापन करते. परंतु तारणाची किंमत ठरविणे हा त्याचा मुख्य हेतू असल्याने ते तपासणीची जागा घेऊ शकत नाही. शक्य झाल्यास घर पावसाळ्यात पाहावे. नव्या रंगाखाली दडलेली ओल पावसात लपत नाही.

अहवालात दोष आढळले म्हणजे व्यवहार मोडावाच असे नाही. दुरुस्तीचा अंदाजित खर्च हाती आल्यास किंमत कमी करून मागता येते, दुरुस्तीची अट साठेखतात घालता येते किंवा वेळीच माघार घेता येते. इसार दिल्यानंतर या वाटा अरुंद होत जातात. घराच्या किमतीच्या मानाने तपासणीचा खर्च अल्प असतो. त्या घरात कुटुंबाची मुलेमाणसे निजणार असतात, याचे भान ठेवून प्रत्येक खरेदीदाराने हा खर्च व्यवहाराचा आवश्यक भाग मानणे हिताचे ठरेल.