टाकीत किती उरलंय?

जुलै २०२२ मध्ये श्रीलंकेच्या क्रिकेट संघातला अष्टपैलू चमिका करुणारत्ने पेट्रोलच्या रांगेत उभा होता. दोन दिवसांनी त्याचा नंबर लागला. दहा हजार रुपयांचं पेट्रोल मिळालं, ते फार तर दोन-तीन दिवस पुरेल, मग सरावाला कसं जायचं, असं त्याने वृत्तसंस्थेला सांगितलं. त्याच्या थोडं आधी, १९९६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला रोशन महानामा कोलंबोतल्या पंपांपाशी ताटकळलेल्या लोकांना चहा आणि बन वाटताना दिसला होता.

आणि याच दिवसांत ऑस्ट्रेलियाचा संघ महिनाभर लंकेच्या दौऱ्यावर होता! सामने वेळेवर झाले. कोलंबोतल्या शेवटच्या एकदिवसीय सामन्याला लंकेचेच प्रेक्षक पिवळे कपडे घालून आले, पाहुण्या संघाचे आभार मानायला. ९ जुलैला कोलंबोत आंदोलक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले, तेव्हा गॉलला कसोटीचा दुसरा दिवस चालू होता. गॉलच्या किल्ल्यावरही निदर्शक जमले होते, त्यांच्या घोषणा मैदानात ऐकू येत होत्या. खेळ काही थांबला नाही.

म्हणजे देश सुरक्षित होता की नव्हता? या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही, आणि प्रवाशाच्या दृष्टीने तो प्रश्नच चुकीचा आहे. लंकेत त्या वर्षी परदेशी पाहुण्यांवर कुणाचा राग नव्हता. राग होता सत्तेवरच्या राजपक्षे घराण्यावर. पर्यटकाला भीती होती ती अडकून पडण्याची: घाटात, संचारबंदीत, औषधाविना, विमान सुटायच्या दिवशी.

हे संकट एका रात्रीत आलं नव्हतं. २०१८ मध्ये लंकेत २३ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते. २०१९ च्या ईस्टरला चर्च आणि हॉटेलांत स्फोट झाले, पाठोपाठ कोविड. दरम्यान राष्ट्राध्यक्ष गोटबाया राजपक्षे यांच्या सरकारने करांत मोठी कपात केली, २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली आणि शेतीही बसली. डॉलर संपत आले. डॉलर नाहीत म्हणजे इंधनाचं जहाज बंदराबाहेर उभं असूनही माल उतरत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. मे महिन्यात नवे पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे यांनी देशाला सांगून टाकलं की पेट्रोलचा साठा जेमतेम एका दिवसाचा आहे. जूनअखेरीस अत्यावश्यक सेवा सोडून बाकी सगळ्यांना इंधनविक्रीच बंद झाली.

पुढे ऊर्जामंत्री कांचना विजेसेकेरा यांनी क्यूआर कोडवरचा इंधन पास आणला. मोटारसायकलला आठवड्याला ४ लिटर, रिक्षाला ५, मोटारीला २०. एवढ्यात बसवा.

आता मुंबई-पुण्याकडून जाणारी नेहमीची लंका सहल घ्या. कटुनायके विमानतळावरून सिगिरिया, तिथून कँडी, मग नुवारा एलिया, सीता एलियाचं मंदिर आणि परत कोलंबो. नकाशावर लंका हातभर दिसते, पण ही फेरी पावणेपाचशे ते पाचशे किलोमीटरची होते, आणि त्यातला बराच रस्ता घाटाचा. दहाच्या सरासरीने धरलं तरी गाडीला पन्नास लिटर लागणार. म्हणजे एका मोटारीचा अडीच आठवड्यांचा कोटा आपल्या पाच दिवसांत संपवायचा. शिवाय ड्रायव्हरला आपल्याला सोडून स्वतःच्या गावी परतायचं असतं. ते किलोमीटर सहलीच्या पत्रकात कधीच छापलेले नसतात.

अशा काळात प्रवास ठरवताना बातम्यांइतकाच हा हिशेब महत्त्वाचा. गाडी ठरवताना एसी आहे का, डिकी मोठी आहे का, हे आपण विचारतोच. त्याआधी ड्रायव्हरला विचारायला हवं की इंधन कुठून, कसं मिळतंय. जो म्हणतो 'काळजी करू नका, होऊन जाईल', त्याच्यापेक्षा जो म्हणतो 'मंगळवारी माझा नंबर आहे, सोमवारी गाडी हलणार नाही', तो माणूस बरा. त्याचा दिवस धरून आपला कार्यक्रम बसवावा, कारण लंकेत गाडीच्या नंबरच्या शेवटच्या आकड्यानुसार पंपावर जायचे वार ठरवून दिले होते. टाकी अर्ध्याखाली गेली की पुढचा टप्पा घ्यायचा नाही, हा नियम चांगल्या काळातही डोंगरात पाळतात; टंचाईत तर तो मोडायचाच नाही. पाच गावं पाहण्याऐवजी दोन ठिकाणी मुक्काम टाकणं हा यावरचा सगळ्यात साधा तोडगा. कँडीत चार दिवस राहिलं तर दंतमंदिर, तळं, पेरादेनियाची बाग, सगळं रिक्षाच्या टप्प्यात येतं.

डब्यात पेट्रोल भरून डिकीत ठेवायचा मोह होतो. लंकेत एप्रिल २०२२ मध्ये कॅनमध्ये पेट्रोल द्यायलाच बंदी आली. साठेबाजी होत होती हे खरं, पण उन्हात तापलेल्या बंद गाडीत प्लास्टिकच्या कॅनमधली पेट्रोलची वाफ काय करू शकते हेही कुणी सांगायला नको. डबे लादलेल्या गाडीत बसू नये, मग ड्रायव्हर कितीही ओळखीचा असो.

आगगाडी हा उत्तम पर्याय, असं सगळे सांगतात आणि ते बरोबरही आहे. पण तीही अडते. कोलंबोहून कँडीकडे जाणारी प्रत्येक गाडी रंबुक्कना स्टेशनातून जाते. तिथून पुढे कडुगन्नावाचा चढ लागतो. १९ एप्रिल २०२२ ला इंधन दरवाढीविरोधात लोकांनी नेमका तिथेच रेल्वेमार्ग कित्येक तास रोखून धरला. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात एकाचा जीव गेला. उलट ९ जुलैला गॉल, कँडी, मातरा इथल्या आंदोलकांनी रेल्वेला कोलंबोसाठी गाड्या सोडायला भाग पाडलं. बसला डिझेल नव्हतं, मग राजधानीत पोचायचं कसं? त्या दिवशी कोलंबोला निघालेला पर्यटक मोर्चाच्याच डब्यात बसला असता. त्यात धोका असतोच असं नाही, पण आपण कुठल्या गाडीत चढतोय हे ठाऊक असलेलं बरं.

इंधन नसलं की पंप हीच चौकातली सर्वात तणावाची जागा होते. मार्चमध्येच लंका सरकारने पंपांवर सैनिक उभे केले होते. तासन्‌तास उन्हात उभं राहून वृद्ध माणसं रांगेतच दगावली. अशा ठिकाणी कुणी परदेशी माणूस ओळखीने किंवा जास्त पैसे मोजून मध्येच पेट्रोल भरून घेऊ लागला तर काय होईल, हे आपल्याकडे टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही समजेल. पंपावर गाडीत बसून राहू नये, रांगेचे फोटो तर मुळीच काढू नयेत. ड्रायव्हर रांगेत असताना आपण हॉटेलवरच थांबावं.

राजकीय आंदोलनाचं तंत्र थोडं वेगळं असतं. तिथे गोष्टी तासाच्या हिशेबाने बदलतात. कोलंबोचं गॉल फेस मैदान एप्रिलपासून आंदोलकांनी व्यापलेलं होतं: तंबू, वाचनालय, जेवणाच्या पंगती, गाणी. अनेक परदेशी पाहुणे तिथे फिरून येत, कारण शहरातली मोठी हॉटेलं त्या मैदानाच्या भोवतीच आहेत. ९ मे रोजी राजपक्षे समर्थकांनी तंबूंवर हल्ला चढवला आणि संध्याकाळपर्यंत देशाचा रंग पालटला. पंतप्रधान महिंदा राजपक्षे यांनी राजीनामा दिला, नेत्यांची घरं पेटली, कोलंबो-कँडी रस्त्यावरच्या नित्तंबुवात सत्ताधारी खासदाराचा जमावाच्या तावडीत मृत्यू झाला. देशभर संचारबंदी लागली. राजपक्षेंची माणसं पळून जाऊ नयेत म्हणून विमानतळाच्या रस्त्यावर तरुणांनी स्वतःच नाके लावले आणि येणारी-जाणारी गाडी तपासायला सुरुवात केली.

अशा नाक्यावर काळ्या काचांची आलिशान गाडी नको ते लक्ष वेधते. काचा खाली, आतला दिवा चालू, पासपोर्ट आणि तिकीट हाताशी, आणि बोलू द्यावं ड्रायव्हरला. संचारबंदीतही विमानतळाकडे जाणाऱ्या प्रवाशाला पासपोर्ट व तिकीट दाखवून सोडत होते. तिकीट फोनमध्ये असेल आणि फोन बंद पडला असेल तर मात्र अवघड. मार्चअखेरीस लंकेत तेरा-तेरा तासांचं लोडशेडिंग होतं. कागदावर छापलेलं तिकीट सध्या जुनाट वाटतं, पण अशा ठिकाणी तेच चालतं.

विमानतळ कोलंबोपासून तीसेक किलोमीटरवर आहे आणि निगोम्बो हे समुद्रकाठचं गाव त्याच्या अगदी जवळ. गडबडीच्या काळात शेवटची रात्र कोलंबोत न काढता निगोम्बोत काढली, तर सकाळी रिक्षानेही विमान गाठता येतं. आता विमानालाही इंधन लागतंच. लंकेत ते मिळेना तेव्हा कोलंबोहून निघालेली लांब पल्ल्याची विमानं तिरुवनंतपुरम, कोची, चेन्नईला उतरून टाकी भरून पुढे जात होती. पुढचं जोडविमान असणाऱ्यांनी मध्ये भरपूर वेळ ठेवावा, तो यासाठी.

तब्येतीच्या बाबतीत तर अजिबात भरवशावर राहू नये. मार्च २०२२ मध्ये कँडीजवळच्या पेरादेनिया इथल्या मोठ्या शिक्षण-रुग्णालयाने औषधांअभावी नियोजित शस्त्रक्रिया थांबवल्या होत्या. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन आठवडे जास्तीच्या घ्याव्यात, चिठ्ठीसकट. ज्यांना डायलिसिससारखी नियमित गरज आहे किंवा बाळंतपण जवळ आलं आहे, त्यांनी अशा देशात जाऊच नये. इथे धाडसाचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

आणखी एक मोह म्हणजे आंदोलनात सामील होण्याचा. त्यांचा प्रश्न पटतो, गर्दी दिलखुलास असते, हातात फोन असतो. गॉल फेसच्या आंदोलनाचे फोटो, व्हिडिओ टाकणाऱ्या एका ब्रिटिश महिलेचा व्हिसा ऑगस्ट २०२२ मध्ये रद्द झाला आणि तिला देश सोडायला सांगण्यात आलं. सरकार बदललं, राष्ट्राध्यक्ष पळून गेले, तरी व्हिसाचे नियम जागेवरच होते.

संपर्क तुटणं हा अलीकडचा नवा त्रास. लंकेत ३ एप्रिलला समाजमाध्यमं काही तास बंद केली गेली. बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये विद्यार्थी आंदोलनाच्या वेळी अख्खं इंटरनेटच गेलं आणि संचारबंदी लागली. तिथे शिकणारे हजारो भारतीय विद्यार्थी आगरतळ्याजवळच्या आखौरा, मेघालयातल्या डावकी अशा सीमानाक्यांवरून मायदेशी आले. व्हॉट्सॲप नाही, नकाशा नाही, ऑनलाइन पैसे नाहीत. खिशात स्थानिक नोटा आणि कागदावर लिहिलेले चार फोन नंबर, एवढंच त्या वेळी कामाला येतं. नंबर पाठ असतील तर फारच छान. आजकाल आपल्याला घरच्यांचाही नंबर पाठ नसतो.

विम्याचं कलम निघण्याआधीच वाचावं. मे २०२२ मध्ये ब्रिटनने आपल्या नागरिकांना अत्यावश्यक काम असल्याशिवाय लंकेला जाऊ नका असं कळवलं. सरकारचा असा सल्ला डावलून जाणाऱ्याची विमा पॉलिसी बहुधा गैरलागू ठरते. भारतीय पॉलिसींतही युद्ध, दंगल, आधीच जाहीर झालेली संकटं यांना बरेचदा वगळलेलं असतं. विमान रद्द झालं म्हणून मिळणारी भरपाई आणि अडकलो म्हणून वाढलेला हॉटेलचा खर्च, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीच जास्त महाग पडते.

नेपाळची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. मुक्तिनाथला, पशुपतिनाथला जाणारे यात्रेकरू, लुंबिनीला जाणारे महाराष्ट्रातले बौद्ध बांधव, यांतले कितीतरी गोरखपूर-सोनौली मार्गे बसनेच सीमा ओलांडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली आणि तरुण रस्त्यावर उतरले. ८ तारखेला गोळीबारात १९ जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद पेटली, काठमांडूतलं हिल्टन हॉटेलही जळालं आणि विमानतळ बंद झाला. अडकलेल्यांत महाराष्ट्रातले पर्यटकही होते. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. सोय मोठी आहे, पण कोण कधी आत गेला याची नोंद भारतीय दूतावासाकडे आपोआप होत नाही. तेव्हा सहल कंपनीने म्हणा किंवा बसमधल्या एखाद्या हिशेबी काकांनी म्हणा, निघण्याआधी एक कागद करावा: सगळ्यांची नावं, ओळखपत्रांचे क्रमांक, रक्तगट, रोजच्या मुक्कामाचा पत्ता आणि फोन. त्याची एक प्रत घरी ठेवावी, एक सोबत असावी. हेल्पलाइन लागली की दूतावासाला आधी हीच माहिती हवी असते: नेमके कुठे आहात, किती जण आहात, त्यात म्हातारे आणि आजारी किती.