एका ‘रन’चे ६४५ अर्थ

‘रन’ म्हटलं की आपल्याला आधी क्रिकेट आठवतं. इंग्रजीत मात्र या छोट्याशा क्रियापदाचा पसारा अफाट आहे. नदी वाहते, नाक गळतं, धुताना कपड्याचा रंग जातो, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, कुणी दुकान चालवतं. या सगळ्याला क्रियापद एकच, ‘रन’.

ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता. त्याचे सुमारे ४३० अर्थ तिथे नोंदले होते. पुढे कोशकार पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ची नव्याने छाननी केली. नऊ महिने खपून त्यांनी एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले!

एवढे अर्थ आले कुठून? धावणं आणि वाहणं हे अर्थ फार जुने. मग यंत्रं आली, आगगाड्या आल्या, संगणक आले आणि त्यांचं ‘चालणं’ही याच शब्दाने सामावून घेतलं.

अर्थ वेगळे करताना कोशकार प्रत्यक्ष वापरातली वाक्यं जमवतो आणि त्यांची वर्गवारी करतो. ‘बस रोज रन होते’ यात कर्म नाही. ‘ती दुकान रन करते’ यात आहे. तेवढ्या फरकानेही नोंद वेगळी होते.