पळाली खरी, पण खरंच पळाली का?

उन्हाळ्यात कर्जतहून राशीनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचला गेलात, तर अंधारात आधी बुटांचा आवाज येतो आणि मग पोरं दिसतात. पोलीस भरतीची. सोळाशे मीटरचं गणित त्यांना तोंडपाठ असतं: पाच मिनिटं दहा सेकंदांत आलं तर वीसपैकी वीस गुण, पुढे उशीर होईल तसे गुण गळत जातात. एखाद्या दिवशी गटात कायम मागे राहणारा पोरगा अचानक पाच-दहाच्या आत येतो. मोबाइलवर वेळ धरणारा मित्र आनंदानं ओरडतो, त्याच्या पाठीत थाप घालतो आणि लगेच पुढच्या श्वासात विचारतो, "लेका, खांबापासनंच निघाला होतास ना?"

तो पुढचा श्वास मला फार गमतीचा वाटतो. डोळे भरून येणं आणि डोळे बारीक होणं यांत एवढंसंच अंतर कसं?

आता हेच सोळाशे मीटर घेऊन शिकागोला जाऊ. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्या मॅरेथॉनमध्ये केनियाची रूथ चेपंगेटिच २ तास ९ मिनिटं ५६ सेकंदांत आली. २ तास १० मिनिटांच्या आत येणारी ती पहिली बाई. आधीचा विक्रम २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांचा होता; तो तिनं जवळजवळ दोन मिनिटांनी मोडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अपघातात गेलेला आपला देशबांधव, पुरुषांचा विश्वविक्रमवीर केल्विन किप्टम याला तिनं हा विक्रम अर्पण केला. पाहणारे गहिवरले.

पण हा वेग राशीन रोडवर मोजून पाहा. ४२.१९५ किलोमीटरला ही वेळ म्हणजे दर सोळाशे मीटरला सुमारे ४ मिनिटं ५६ सेकंद. आपल्या पोरांना जे एकदा जमलं की पेढे वाटावेसे वाटतात, त्यापेक्षा चौदा सेकंद वेगानं. आणि ते एकदा करून गुडघ्यांवर हात टेकून थांबायचं नाही. लागोपाठ सव्वीस वेळा करायचं. शर्यतीनंतरच्या पत्रकार परिषदेतच तिला थेट विचारलं गेलं, की हे खरं मानायला लोक तयार होतील का?

प्रश्न खवचट वाटतो, पण त्यामागे मॅरेथॉनचा जुना अनुभव आहे. १९०४च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये फ्रेड लॉर्झ पहिला आला, टाळ्या झाल्या, आणि मग कळलं की मधला बराच रस्ता गडी मोटारीत बसून आला होता. २१ एप्रिल १९८० रोजी बोस्टनमध्ये रोझी रुईझ नावाची, कुणाला फारशी माहीत नसलेली बाई २ तास ३१ मिनिटं ५६ सेकंदांत पहिली आली. डोक्यावर विजयाचा मुकुट चढला. मात्र जाणकारांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. एवढं पळून आलेल्या बाईला घाम कसा नाही? सरावाबद्दल साधे प्रश्न विचारले तर ती गोंधळली. मधल्या टप्प्यांवर तिला पाहिल्याचं कुणी सांगेना. आठ दिवसांनी तिला बाद केलं आणि खरी विजेती, कॅनडाची जॅकलिन गारो, हिला पहिला क्रमांक मिळाला.

घाम नाही म्हणून शंका! ही शंका किती खोल जाते, ते समजायला कर्जतपासून लांब जायला नको. जवळच रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे. जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं, १९८० सालचं. तिथलं काळवीट उधळलं तर ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतं. त्याच्यापुढे जगातला सर्वांत वेगवान माणूसही गोगलगाय. पण शर्यत लांबवा, ऊन चढू द्या, की चित्र बदलायला लागतं. अंगावर दाट केस असलेल्या बऱ्याच प्राण्यांना अंग थंड करायला मुख्यतः धापेवर भिस्त ठेवावी लागते, आणि चौखूर उधळताना श्वास टापांच्या तालाशी बांधला जातो. पळणं आणि मनासारखं धापणं दोन्ही एकदम साधत नाही. माणसाचं अंग उघडं, त्यावर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी. घाम सुकतो, कातडी गार होते, पाय चालूच राहतात. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लिबरमन यांनी २००४ साली 'नेचर' नियतकालिकात मांडलं, की आपला घोट्यामागचा लांब स्नायुबंध, मोठे नितंब, पळताना डोकं स्थिर धरणारी मान, हे सगळं लांब पळण्यासाठी घडलं असावं. सगळ्याच शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. पण लांब पळण्याच्या बाबतीत माणूस हा अजब प्राणी आहे आणि त्याचं इंजिन घामावर थंड होतं, हे नक्की. रुईझचा कोरडा चेहरा पाहून जे चमकले, ते नकळत शरीरशास्त्रच वाचत होते.

आता घाम पाहत बसावं लागत नाही. धावपटूच्या नंबरावर किंवा बुटावर एक छोटी चिप असते. तिच्यात बॅटरीही नसते. रस्त्यावर अंथरलेल्या पट्टीवर पाय पडला की पट्टीतल्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. आपल्या भरतीच्या पोरांना ती ओळखीची आहे, अनेक जिल्ह्यांत मैदानी चाचणीला हीच चिप लावतात. मॅरेथॉनमध्ये साधारण दर पाच किलोमीटरला अशी पट्टी असते. मधली एक चुकली, की रिकामा रकाना बोंब मारतो. रस्ताही तपासलेला असतो: मोजणी करणारे सायकलच्या चाकाला मोजयंत्र लावून सर्वांत जवळच्या वळणांनी जातात आणि अंतर चुकून कमी भरू नये म्हणून हजार मीटरमागे एक मीटर जास्तीचं धरतात.

शरीराच्या आतलं मात्र पट्टीला दिसत नाही. तिथे साक्ष रक्ता-लघवीची. चेपंगेटिचच्या १४ मार्च २०२५च्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड सापडलं. नाव परकं वाटलं तरी औषध घरातलं आहे; गावातल्या कितीतरी आज्या-आजोबांच्या बीपीच्या गोळीत ते असतं. त्यानं लघवी जास्त होते आणि दुसरं काही घेतलं असेल तर ते पातळ होऊन लपू शकतं, म्हणून खेळाडूंना ते वर्ज्य. एका मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर गेलं की प्रयोगशाळेला कळवावं लागतं. तिच्या नमुन्यात ३,८०० होतं. घरकाम करणाऱ्या बाईची गोळी घेतली होती, असं तिनं पुढे सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. शिकागोची वेळ त्या निकालात रद्द झाली नाही, कारण ती या नमुन्याच्या पाच महिने आधीची. ज्यांचे डोळे शिकागोला भरून आले होते, त्यांनी आता त्या पाण्याचं काय करायचं?

यावर मला नदीपलीकडचं उत्तर सापडतं. राशीनहून पुढे भीमा ओलांडली, भिगवण मागे पडलं, की बारामती. तिथे लता भगवान करे नावाच्या, साठी उलटलेल्या बाई नवऱ्याच्या आजारपणाचा खर्च समोर उभा असताना मॅरेथॉनमधल्या ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात उतरल्या. अंगात नऊवारी, पायात काही नाही. त्या पहिल्या आल्या. पुढेही जिंकल्या. त्यांच्यावर निघालेल्या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतःच काम केलं आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. तीन किलोमीटर म्हणजे अख्खं गाव शर्यतीवर नजर ठेवू शकतं; गहिवरणारे आणि नजर ठेवणारे एकच. चिप काय करते? हेच गाव बेचाळीस किलोमीटरभर उभं करते.

आणि एक घड्याळ पुण्यातलं. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष होते. शेतात राबणारी पोरं खडीच्या, मातीच्या रस्त्यावर अनवाणी लांब पल्ला पळाली. टाटांना कौतुक वाटलंच, पण त्यांनी पोरांची वेळ युरोपातल्या वेळेशी ताडून पाहिली आणि ती जवळपास जुळली. त्या आकड्यांच्या बळावर त्यांनी पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकला खेळाडू पाठवायची खटपट केली. तिथली मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, ऑलिम्पिकमधली सर्वांत लांब. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले ती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावे आले. पदक नाही मिळालं. पण किलोमीटरला चार मिनिटांचा तो वेग शंभर वर्षांनंतरही खणखणीत वाजतो. टाटा नुसतेच भारावले असते, तर ती पुण्यातली एक छान दुपार होऊन विरली असती.

राशीन रोडवरचा पोरगा मित्राच्या प्रश्नावर चिडत नाही. कपाळावरचा घाम बाहीला पुसतो, खांबाकडे परत चालत जातो आणि म्हणतो, "धर पुन्हा वेळ."