नामंजूर एच-१बी : दाद कोणी आणि कोठे मागावी?

अमेरिकेतील नोकरीसाठीचा एच-१बी व्हिसा नामंजूर झाल्याची वार्ता पुण्या-मुंबईच्या घरी येऊन धडकली की पहिला उद्गार निघतो तो 'अपील करा' हा. पण नामंजुरी कोणत्या दप्तरातून आली, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही, आणि बहुतेक गैरसमज तेथूनच उपजतात. वस्तुतः येथे निकाल दोन असतात : एक, मालकाने आय-१२९ या नमुन्यावर केलेल्या अर्जावर तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवा खाते देते तो; आणि दुसरा, तो अर्ज मंजूर झाल्यानंतर वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत मुलाखतीच्या खिडकीपाशी मिळतो तो.

पहिल्या निकालात अर्जदार मालक असतो. ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न, त्या उमेदवाराला कायदा या प्रकरणी पक्षकारच मानीत नाही, हे कानाला विपरीत वाटते खरे. परंतु त्यामुळेच त्याने स्वतःच्या सहीने, पदरचे शुल्क भरून धाडलेले अपील गुणदोषांचा विचार न होताच फेटाळले जाते. अपिलाचा आय-२९०बी हा नमुना मालकानेच ३० दिवसांत, निकाल टपालाने धाडला असल्यास ३३ दिवसांत, दाखल करावयाचा असतो. आणि टपालाच्या बाबतीत ही मुदत पाकीट हाती पडल्यापासून नव्हे, ते रवाना झाल्या तारखेपासून धावू लागते. मालकाची इच्छा नसेल तर विषय तेथेच मिटतो.

नवा पुरावा हाती आला असेल तर त्याच नमुन्यावर प्रकरण पुन्हा उघडण्याची, आणि अधिकाऱ्याने कायदा चुकीचा लावला असेल तर फेरविचाराची मागणी करता येते. मात्र 'या हुद्द्याला विशिष्ट विषयाची पदवी आवश्यक असल्याचे सिद्ध होत नाही' असा शेरा पडल्यावर कामाचे स्वरूपच बदलून नवे पत्र जोडणाऱ्या मालकाची डाळ शिजत नाही. अर्ज दाखल झाला त्या दिवशीची पात्रताच मोजली जाते. अपील केले म्हणजे नामंजुरीला स्थगिती मिळाली, हा समज तर सर्वांत घातक. मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असताना मिळणारी २४० दिवसांपर्यंतची कामाची मुभा नामंजुरीबरोबर संपते, अपिलाने ती परत येत नाही.

वकिलातीच्या निकालावर अपीलच नाही. न्यायालयेही त्यात सहसा हात घालीत नाहीत, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे तत्त्व पुनश्च उचलून धरले. कायमचे परत येण्याचा इरादा पटवता आला नाही म्हणून नकार देणारे २१४ (बी) हे कलम एच-१बीला लागूच नाही, तरी त्याची धास्ती घराघरांत असते. मिळते ती बहुधा २२१ (जी)ची चिठ्ठी. तिच्यावर नकार असे लिहिलेले असले, तरी पुष्कळदा तो कागदपत्रांच्या अपुरेपणामुळे वा तपासणी बाकी असल्यामुळे झालेला खोळंबा असतो. मागितलेले कागद वर्षाच्या आत सादर केल्यास नवे शुल्क पडत नाही, वर्ष उलटल्यावर मात्र अर्ज आणि शुल्क दोन्ही नव्याने भरावे लागतात.