रॅम कोण खातं?

करंजाडेत लग्नसराई जवळ आली की हळदीच्या गाण्यांची कामं सुरू होतात. नवी मुंबई विमानतळासाठी उठलेल्या गावांतली काही घरं सिडकोनं इथं वसवली. हळद आता इमारतीखाली लागते, पण गाणं आगरीच लागतं, आणि ते बरेचदा फ्लॅटच्या आतल्या खोलीत, कॉम्प्युटरवरच तयार होतं.

कॉम्प्युटर अडखळला की जो तो सांगतो, ‘रॅम वाढव.’ मी आधी टास्क मॅनेजर उघडतो. ढोलकी, बेंजो, गायक, कोरस असे ४० ट्रॅक एकदम वाजवले तरी रॅमचा आकडा फारसा हलत नाही. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ केबी मागतो. चाळिसांचे मिळून सहा एमबीसुद्धा होत नाहीत.

मग व्हायोलिनचा सॅम्पल केलेला ताफा उघडावा. आकडा सरसर चढतो. त्यात प्रत्येक सूर हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळा रेकॉर्ड केलेला असतो. कळ दाबताक्षणी आवाज यायला हवा, म्हणून प्रत्येक तुकड्याची सुरुवात रॅममध्ये आधीच भरून ठेवतात. उरलेला भाग वाजता वाजता डिस्कवरून येतो. कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सुरुवात मुळात ६० केबीची असते. दहा हजार तुकडे म्हटले की ६०० एमबी गेले! हार्ड डिस्कला तुकडा शोधायला दहाएक मिलिसेकंद लागतात, म्हणून एवढी बेगमी. सॅम्पल एसएसडीवर हलवले की हाच आकडा १२ केबीवर आणता येतो, आणि ६०० चे १२० एमबी होतात. म्हणून पैसे बेताचे असतील तर मी आधी एसएसडी घ्यायला सांगतो.

रॅम १६ जीबी पुरते, शक्यतो आठ-आठच्या दोन पट्ट्या. ऑर्केस्ट्रा रचणाऱ्यानं ३२ घ्यावी. दिवे लागणारी रॅम घेऊन ढोलकी जास्त घुमत नाही, दुकानदार काहीही म्हणो. आणि आवाज नुसता तडतडत असेल तर दोष बहुधा प्रोसेसरवरच्या ताणाचा. मिक्सिंगच्या वेळी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला ऑडिओ बफर १२८ वरून ५१२ केला की फुकटात भागतं.

जुनी हार्ड डिस्क मात्र टाकू नये. ‘दादा, तेच गाणं, फक्त नवऱ्याचं नाव बदलून द्या,’ असा फोन दोन वर्षांनीही येतो. तेव्हा एमपीथ्री कामाची नाही, सुटे ट्रॅकच लागतात. चार मिनिटांच्या गाण्याचे ४० ट्रॅक म्हणजे जेमतेम दीड जीबी. दोन डिस्कवर ठेवावेत, आणि त्यातली एक भावाच्या घरी.